आधी चर, मग मुरूम

पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हिरवी मिरची येते ती ऐन पावसाळ्यात. उन्हाळी लागवडीची तोडणी मृग-आर्द्रात सुरू होते आणि पुढे तीन-चार महिने चालते. म्हणजे ज्या दिवसांत माल शेताबाहेर काढावा लागतो, नेमक्या त्याच दिवसांत शेताची वाट बंद असते. मिरची म्हणजे काही हरभरा नव्हे, की पोती थप्पीला लावली आणि वाट वाळल्यावर नेली. आज तोडलेली मिरची आज बाजारात पोचली तर तिचा भाव. ट्रॅक्टर चिखलात रुतून बसला आणि माल रात्रभर पोत्यात राहिला, की सकाळी ती गरम होऊन मऊ पडलेली असते आणि व्यापारी पोत्यात हात घालून तोंड फिरवतो. मग डांबरी सडक गाठेपर्यंत पोती डोक्यावर वाहायची. तोडणीची मजुरी वेगळी, वाहणीची वेगळी.

मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. तो आपल्याच जालना जिल्ह्यातून जातो. चांगली गोष्ट आहे. पण शेतकऱ्याच्या मालाचा पहिला एक किलोमीटर हा बांधापासून डांबरीपर्यंतचा असतो आणि तोच अडला तर पुढचे सातशे किलोमीटर त्याच्या काय कामाचे? हा पहिला किलोमीटर म्हणजे आपली पाणंद, शिवाररस्ता आणि त्याला फुटणारी शेतवस्तीची वाट. या लेखात त्याचाच विचार करायचा आहे.

दरसाल काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. मे महिन्यात ट्रॅक्टरच्या खेपा सुरू होतात. मुरमाचे ढीग पडतात, फळीने सारखे केले जातात, आणि 'औंदा रस्ता झाला' असे म्हणून सगळे मोकळे होतात. पोळ्यापर्यंत त्या रस्त्यावर गुडघाभर चाकोऱ्या पडलेल्या असतात. मग पारावर चर्चा रंगते, 'मुरूम कोणी खाल्ला?' कोणी गुत्तेदाराचे नाव घेतो, कोणी सरपंचाचे. खेपा कमी पडत नाहीत असे नाही, त्याचा हिशेब पुढे मांडला आहेच. पण खेपा मोजून पुऱ्या टाकल्या तरीही रस्ता टिकला नसता, ही गोष्ट पारावर कोणी बोलत नाही. मुरूम माणसाच्या आधी काळी खाते.

काळी मुरूम कशी खाते

आपली काळी माती म्हणजे काळ्या पाषाणाची हजारो वर्षे झीज होऊन झालेली माती. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हीच जमीन एप्रिलमध्ये दगडासारखी असते, भरलेली ट्रॉली सहज पेलते. जुलैमध्ये तीच लोण्यासारखी होते. तिच्यावर टाकलेला मुरूम चाकाच्या दाबाने खाली जातो आणि चिखल वर येतो. खणून पाहिले तर गेल्या सालचा मुरूम चिखलात कालवलेला सापडतो. वरून आणखी दहा खेपा टाकणे म्हणजे त्याच कणकेत आणखी पीठ मळणे आहे.

सरकारी कागदावर खडीकरणाला 'डब्ल्यूबीएम' म्हणतात. त्यातला 'एम' हा मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश माणसाचा आहे. हा मनुष्य १८१६ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टल भागातल्या रस्त्यांचा सर्व्हेयर झाला. त्याचे म्हणणे असे होते, की ओझे शेवटी मूळची जमीनच पेलते. ती कोरडी ठेवा, ती कितीही ओझे पेलील. वरच्या खडीचे काम म्हणजे खालच्या जमिनीवर छप्पर घालणे आणि झीज सोसणे. म्हणून तो रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच घ्यायचा आणि दोन्ही अंगांनी पाण्याला वाट काढून द्यायचा. त्याचे नाव आपल्या अंदाजपत्रकात राहिले, पण त्याने सांगितलेली पहिली गोष्ट मात्र आपण सोडून दिली.

चर कुठे काढायचा?

आपल्या पाणंदी बहुतेक ठिकाणी शेतापेक्षा खोल आहेत. पिढ्यानपिढ्या बैलगाड्यांनी त्या झिजल्या, दोन्हीकडचे बांध वाढत गेले आणि पाणंदीचा ओढा झाला. ओढ्यात मुरूम टाकून रस्ता होत नाही. पाण्याचा हिशेब करून पाहा. दहा फूट रुंद आणि हजार फूट लांब वाटेवर एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर नुसत्या त्या वाटेवरच ४६ हजार लिटर पाणी पडते. पाच हजार लिटरचे नऊ टँकर! शेजारच्या रानातून उतरून येते ते वेगळेच.

यावर उपाय साधा आहे. वाटेच्या दोन्ही अंगांना चर घ्यावा. वर तीन फूट, तळाला एक फूट रुंद आणि दीड फूट खोल. हजार फुटांत दोन्ही चरांची माती निघते ६० ब्रास. तीच माती मधल्या दहा फुटांत पसरून दाबली, की वाट अर्धा-पाऊण फूट उंच झाली आणि मातीला भाडेही लागले नाही. चराला शंभर फुटांत अर्धा फूट तरी उतार हवा आणि त्याचे तोंड नाल्याला किंवा ओढ्याला सोडलेले हवे. तोंड बंद असलेला चर म्हणजे रस्त्याच्या कडेला बांधलेला हौद. त्यातले पाणी मुरणार ते रस्त्याखालीच.

'चरात माझी जमीन जाते' ही तक्रार प्रत्येक गावात येते. तिचे उत्तर गाव नकाशात आहे. नकाशावर तुटक दुहेरी रेषेने दाखवलेल्या गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. दहा फूट वाट आणि दोन्हीकडे तीन-तीन फुटांचे चर मिळून झाले सोळा फूट. म्हणजे रस्ता चरांसकट नकाशातल्या रस्त्यातच बसतो. तो बसत नाही, कारण दोन्ही अंगांनी नांगराचे एकेक तास दरसाल पुढे सरकत आले आहे. आता समजा, एखाद्याच्या तीनशे फूट बांधाला तीन फूट चर आला. जागा गेली नऊशे चौरस फूट. एक गुंठा होतो १०८९ चौरस फुटांचा. एका गुंठ्याहून कमी जागेसाठी आपण सगळ्या शिवाराचा माल अडवून धरतो. शिवाय मिरचीला उभे पाणी चालत नाही, मुळ्या कुजतात आणि उभी झाडे माना टाकतात. बांधाशेजारचा चर रस्त्याबरोबर पिकालाही निचरा देतो. चर शेत खातो असे म्हणणाऱ्याने हाही हिशेब करावा.

जिथे पाणी वाट ओलांडते तिथे मोरी हवीच. एक फुटाचा सिमेंट पाईप पऱ्हाट्यांनी आणि गाळाने एका पावसात तुंबतो. टाकायचा तर दोन फुटांचा टाकावा आणि त्याच्या दोन्ही तोंडांना दगडाची पिचिंग करावी. वाट ओलांडणारी पाण्याची पाइपलाइनही तीन फूट खाली आणि मोठ्या पाइपातून घालून न्यावी. गळकी पाइपलाइन भर उन्हाळ्यातही रस्ता फोडते.

मुरूम ओळखावा

मुरूम लाल दिसला की चांगला, असा एक समज आहे. रंगावर जाऊ नये. विहीर खणताना पाषाणाच्या दोन थरांमध्ये लाल गेरूचा पट्टा लागतो. तो दिसायला देखणा असतो, पण पाण्यात लोणी होतो. तो रस्त्यावर टाकला तर पहिल्याच पावसात चिखल.

तपासणीला प्रयोगशाळा लागत नाही. मुरमाचे चार-पाच खडे रात्रभर बादलीत भिजत घालावे. सकाळी बोटाने चिरडले तर मऊ मुरूम. कडक राहिले तर कठीण मुरूम. दुसरी परीक्षा बाटलीची. काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत मुरूम, वर पाणी, जोरात हलवून ठेवून द्यावी. खडे आणि वाळू लगेच बसतात, चिकणमाती सावकाश वर बसते. दुसऱ्या दिवशी वरचा मातीचा थर सगळ्या बसलेल्या मालाच्या चौथ्या भागाहून जास्त भरला, तर त्या मुरमात माती फार. पण माती अजिबात नसेल तर तेही वाईट, कारण खड्यांना धरून ठेवायला थोडी माती लागतेच. ओल्या मुरमाचा लाडू करून उन्हात वाळवावा. हात लावताच भुगा झाला तर बांधणी नाही, आणि दगडासारखा होऊन तडकला तर माती जास्त. मधला तो आपला.

मुरूम आणायचा कुठून? पहिले ठिकाण म्हणजे आपल्याच विहिरीचा किंवा शेततळ्याचा उपसा. काळी, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि पाषाण अशा क्रमाने माल वर येतो. उपशाचा ढीग एकत्र न करता थर बदलला की वेगळा टाकायला सांगितले तर चांगला मुरूम घरचाच मिळतो. गायरानात किंवा टेकडीला परवानगीशिवाय हात लावू नये. गौण खनिज विनापरवाना काढल्यास जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे दंड होतो आणि वाहन अडकते. शिवाय मागे राहिलेल्या खड्ड्यात पावसाळ्यात पोरे पोहायला उतरतात, हे वेगळे सांगायला नको. तलावाचा गाळ शेतात सोने आहे, रस्त्यावर मात्र तो काळीचाच भाऊ. फुकट मिळाला म्हणून वाटेवर टाकू नये.

खडी कुठे लागते?

सगळ्या वाटेला खडी परवडत नाही आणि लागतही नाही. मोरीची दोन्ही तोंडे, चढ, पाणी साचणारा सखल भाग आणि वळण या चार जागांना आधी खडी द्यावी. खडी क्रशरची, कोनदार हवी. नदीतले गोटे घरंगळतात, एकमेकांना धरत नाहीत. मॅकॅडमने एका दगडाचे वजन सहा औंस म्हणजे सुमारे १७० ग्रॅमपेक्षा जास्त नको, असा नियम केला होता. मोठा दगड चाकाखाली हलतो आणि आजूबाजूचे सगळे सैल करतो. आजही काही जण डबर टाकून वर मुरूम पसरतात. तो डबर दुसऱ्या वर्षी डोके वर काढतो आणि ट्रॅक्टरचा टायर फाडतो.

शेतवस्तीच्या वाटेचे गणित थोडे वेगळे आहे. तिथे रोज जनावरे ये-जा करतात. नुसती सुटी वीस मिलिमीटरची खडी पसरली तर ती चाकाने कडेला उडते आणि बैलाच्या खुरात बसते. तिथे खाली चार इंच ४० मिलिमीटरची खडी, ती दाबून वर कठीण मुरूम आणि शेवटी क्रशरचा दगडचुरा पाणी मारून दाबावा. गोठ्यापुढचे मूत आणि धुण्याचे पाणी वाटेवर येऊ न देता वेगळ्या नालीने परसबागेकडे न्यावे. दुधाच्या कॅनची मोटारसायकल आणि बाळंतिणीला न्यायची गाडी दारापर्यंत येणे या शंभर-दोनशे फुटांवर अवलंबून असते.

ब्रासचा हिशेब

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. हजार फूट लांब, दहा फूट रुंद वाटेवर दाबून सहा इंच मुरूम हवा असेल तर तो झाला ५० ब्रास. पण सैल मुरूम दाबला की बसतो, म्हणून आणताना सुमारे ६५ ब्रास लागतो. आता ट्रॉली. 'एक खेप एक ब्रास' हे तोंडी गणित सगळीकडे चालते. टेप घेऊन ट्रॉली आतून मोजावी. नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, पावणेदोन फूट उंच असेल तर ती ८७ घनफुटांच्या आसपास भरते. पन्नास खेपांत साडेसहा ब्रासचा घाटा! यात कोणी चोर असेलच असे नाही. कोणी मोजलेच नाही, एवढेच. काम सुरू होण्याआधी चार माणसांसमोर ट्रॉली मोजून आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. मग पारावरची निम्मी भांडणे आपोआप मिटतील.

पाणी मारा, दाबा

पसरलेला मुरूम म्हणजे रस्ता नव्हे. सैल चार-चार इंचांचे दोन थर द्यावे आणि प्रत्येक थर वेगळा दाबावा. ओल अशी हवी, की मूठ आवळली तर मुटका व्हावा पण हाताला पाणी सुटू नये. रोलर कडेकडून मध्याकडे फिरवावा. रोलर मिळालाच नाही तर भरलेली ट्रॉली दर फेरीला चाकभर सरकवत फिरवावी. रोलरची सर तिला नाही, पण काहीच न करण्यापेक्षा बरे. वाटेला कासवपाठ द्यावी. दहा फूट रुंदीत मधला भाग कडांपेक्षा तीन इंच उंच असला, की पाणी चाकोरीत थांबत नाही.

इथेच मे महिन्याच्या कामाचा दोष लक्षात येतो. मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात प्यायच्या पाण्याचे वांधे, रस्त्यावर मारायला टँकर कोण देणार? कोरडा मुरूम दाबला तर नुसता धुराळा होतो. मार्चअखेर निधी खर्ची घालायचा आणि मेमध्ये काम उरकायचे, ही कागदाची सोय झाली, रस्त्याची नव्हे. दिवाळी ते महाशिवरात्र हा खरा काळ. विहिरींना पाणी असते, जमिनीत ओल असते, आणि पावसाळ्यात पाणी कुठे साचले ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ताजे असते.

देखभाल ही ज्याची त्याची

सिमेंटचा रस्ता करा म्हणजे कटकट मिटली, असे म्हणणारे आहेत. पण चर नसलेल्या काळीवर सिमेंटही फुटते आणि फुटलेले सिमेंट शेतकऱ्याला दुरुस्त करता येत नाही. मुरमी वाटेचा मोठा गुण हाच, की फावडे, धुम्मस आणि ट्रॅक्टरची फळी एवढ्यावर ती नीट ठेवता येते. मात्र ती दरसाल ठेवावी लागते.

वर्षात तीन पाळ्या पुरतात. मृगाच्या आधी चर आणि मोऱ्या साफ कराव्या, वेडी बाभूळ तोडावी. पहिल्या मोठ्या पावसानंतर वाट ओलसर असतानाच फळीने कडेचा मुरूम मध्यावर ओढून घ्यावा. दसऱ्यानंतर खड्डे भरावे. खड्डा भरताना आधी पाणी काढावे, कडा उभ्या कापाव्या, ओलसर मुरूम थराथराने भरून धुम्मस करावी. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात टोपलेभर मुरूम ओतणे म्हणजे मुरूम वाया घालवणे. आणि एक पथ्य पाळावे. वाट लिबलिबीत असताना भरलेली ट्रॉली घालू नये, रोटाव्हेटर टेकवून नेऊ नये. एका माणसाची घाई पन्नास जणांची वाट मोडते. पूर्वी इर्जिक घालून एकमेकांची शेते उरकली जात. वाटेसाठी वर्षातून दोन दिवसांची इर्जिक घालायला आज काय हरकत आहे?

कागदावर काय मागावे?

सरकारने काहीच केले नाही असे नाही. २०१८ मध्ये पालकमंत्री शेत/पाणंद रस्ते योजना आली, २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली. अडवलेली वहिवाटीची वाट मोकळी करून घ्यायला मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ चे कलम ५ आहे. वाटच नसेल तर जमीन महसूल संहिता १९६६ चे कलम १४३ आहे, त्याखाली तहसीलदार सरबांधावरून रस्ता देऊ शकतात. पण कायदा वाट मोकळी करून देईल, तिच्यावरचे पाणी काढून देणार नाही. ते गावालाच पाहावे लागेल.

१९७२ च्या दुष्काळात याच मराठवाड्यात बायाबापड्यांनी खडी फोडली, रस्ते काढले. त्यातूनच राज्याची रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ चा कायदा झाला. रोजगार हमीत मजुरी साठ टक्के आणि साहित्य चाळीस टक्के असे प्रमाण राहिले. म्हणजे योजनेचा आत्माच मातीकामाचा. चर खोदणे हे खरे मातीकाम. पण आपण सगळा जोर मुरमाच्या खेपांवर दिला, कारण खेप दिसते, चर दिसत नाही. मुरूम टाकल्याचा फोटो निघतो. चरातून वाहून गेलेल्या पाण्याचा फोटो कोण काढतो?

म्हणून ग्रामपंचायत अधिकारी, सरपंच आणि कनिष्ठ अभियंता यांच्याकडे मागणी एवढीच. पाणंदीच्या अंदाजपत्रकात पहिली बाब चराची आणि मोरीची असावी, दुसरी दबाईची, मुरूम तिसरा. मोजमाप पुस्तिकेत चराची लांबी, खोली आणि त्याचे तोंड कुठे सोडले ते लिहिल्याशिवाय मुरमाचे बिल काढू नये. पैसे कमी असतील तर दोन किलोमीटर नुसता मुरूम टाकण्यापेक्षा अर्धा किलोमीटर चरासह पक्के करावे. पुढच्या वर्षी पुढचा अर्धा. चार वर्षांत दोन किलोमीटर होतील आणि टिकतील. आज आपण चार वर्षांत त्याच दोन किलोमीटरवर चारदा मुरूम टाकतो.

शेतकरी बांधवांनीही येत्या ग्रामसभेत पाणंदीचा ठराव आला, की हात वर करून एकच प्रश्न विचारावा. 'या वाटेचं पाणी कुठून जाणार?' त्याचे उत्तर नकाशावर बोट ठेवून कोणी दाखवले, तर ठराव मंजूर करावा. नाही दाखवले, तर मुरमाची एकही खेप पडू देऊ नये. आधी चर काढावा.